बोहल्यापर्यंतची बावीस पावलं

भाचीचं लग्न नऊ दिवसांवर आलं असताना मी भर सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, पन्नास किलोचा तुरीचा कट्टा दोन्ही हातांवर नवरीसारखा आडवा घेतला आणि चालायला लागलो. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनाही मी हे असंच सांगितलं होतं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणून जरा आधीपासून सांगतो.

आमच्या घरात लग्नाला नवरीचा मामा तिला खोलीतून बोहल्यापर्यंत उचलून आणतो. बाकी लोक हाताला धरून आणतात. आमच्याकडं उचलून. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, तिला आमच्या मामानं असंच उचलून आणलं होतं, तेही तोंडात पानाचा विडा ठेवून. अक्का मुखेडला दिलेली. तिचा मी एकुलता भाऊ आणि तिला एकुलती एक लेक. म्हणजे हे काम टाळायला माझ्याकडं दुसरं माणूसच नव्हतं. खरं तर होतं. भोकरला आमचा एक चुलत भाऊ असतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, रोज पहाटे व्यायामशाळेत जातो आणि तिथले फोटो आम्हाला पाठवतो. त्यानं अक्काला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘दादाला जमलं न्हाई तर मी हायच.’ हे वाक्य अक्कानं मला सहज म्हणून सांगितलं. मी ते सहज म्हणून घेतलं नाही.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, माझं आडत दुकान आहे, म्हणजे दिवसभर पोत्यांमध्येच असतो. पण मी गादीवर असतो आणि पोती हमालाच्या पाठीवर. भाची शाळेत कबड्डी खेळलेली, हाडापेरानं मजबूत. मी फोन करून तिला वजन विचारलं. ती म्हणाली, मामा, पोरींना असं विचारत नसतात. मग हळूच म्हणाली, अठ्ठावन्न. दुकानात पन्नासचे कट्टे होते. वरचे आठ किलो मायेच्या जोरावर उचलले जातील असा मी विचार केला.

शटर अर्धं ओढलं ते कुणी बघू नये म्हणून. नेमकं माझ्या कपाळाच्या उंचीवर ते थांबलं. समोरच्या दुकानदारानं नंतर सांगितलं की त्याला आत बिनडोक्याचा माणूस कट्टा घेऊन येताना-जाताना दिसत होता आणि कुंथण्याचा आवाज येत होता. दोन खेपा बऱ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला माझ्या मनात आलं की आपण नुसतं चालतोय, पण लग्नात फोटोवाला असणार, व्हिडिओवाला असणार. मग मी मान वर केली, जरा डावीकडं वळवली आणि फोटोवाल्याकडं बघून हसलो. त्या हसण्याच्या नादात वळायचं राहिलं. शटरची कड कपाळाला अशी लागली की आवाज मला बाहेरून कुठूनतरी आल्यासारखा वाटला.

डोळे उघडले तेव्हा मी तुरीच्या थप्पीला टेकून बसलो होतो आणि कट्टा माझ्या मांडीवर होता. समोर आमच्या दुकानावर वीस वर्षं हमाली करणारे काका उभे होते. त्यांनी कट्टा एका हातानं बाजूला केला, मला दुसऱ्या हातानं सरळ बसवलं आणि शांतपणे म्हणाले, “मालक, कट्टा पाठीवर घेत्यात. पोटाशी धरत न्हाईत.”

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. आणि उठलो. उठल्यावर कळलं की फरशी बदलली आहे. दिसायला तीच होती, शहाबादी, काळपट. पण पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखी आत जात होती. एसटीत मागच्या सीटपाशी उभं राहून घाटातल्या वळणावरून दरवाज्याकडं चालत निघावं, तसं काहीतरी. पाय आपोआप फाकत होते. सरळ जायचं म्हटलं की मी डावीकडं जायचो, आणि वळायचं म्हटलं की अंग वळायचं पण डोकं थोडं मागून यायचं. दुपारी जेवायला घरी गेलो तो एका हातानं दुकानांच्या भिंती धरत. लोकांना वाटलं असेल, शेठ मोंढ्याच्या भिंती मोजायलेत.

टेंगूळ झाकायला टोपी घातली होती. घरात टोपी कशाला, हा पहिला प्रश्न बायकोनं विचारला नाही. मी हात धुवून न्हाणीघराकडून स्वयंपाकघराकडं निघालो. मध्येच तिनं विचारलं, दुकानात काय झालं आज? मी थांबलो. काही नाही, म्हणालो. पुन्हा चाललो. तिनं विचारलं, अक्कांचा फोन आला होता का? मी थांबलो. नाही, म्हणालो. पुन्हा चाललो.

“चालता चालता बोला की,” ती म्हणाली.

मी प्रयत्न केला. दोन शब्दांत दाराच्या चौकटीला खांदा लागला. तिनं पुढं येऊन टोपी काढली, टेंगूळ पाहिलं, आणि गॅस बंद करून गाडीची किल्ली घेतली. आयुष्यभर बोलत चालणारा माणूस बोलायला थांबतोय म्हणजे ही साधी गोष्ट नाही, हे तिला तपासणीआधीच कळलं होतं.

गाडी ती चालवते. चाळीस ओलांडल्यावर शिकली आणि तेव्हापासून मी शेजारी बसून तिला गिअर सांगत आलोय. त्या दिवशी उदगीर ते लातूर मी एकही गिअर सांगितला नाही. डोळे मिटून बसलो होतो. एकदा उलटी झाली. त्यानंतर तिनं गाडी अशी पळवली की डोळे मिटलेले होते तेच बरं.

लातूरला दवाखान्यात डोक्याचं स्कॅनिंग झालं. आत रक्तस्राव नव्हता. बायकोनं तेव्हा पहिल्यांदा बाकड्याला पाठ टेकली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय. फोटोत दिसत नाही, चालण्यात दिसतो. आणि मला उभं केलं.

आधी पाय जोडून उभे राहा. राहिलो. आता डोळे मिटा. मिटले, आणि मला वाटलं मी छान ताठ उभा आहे; उघडले तेव्हा बायकोनं एका बाजूनं आणि बाईंनी दुसऱ्या बाजूनं मला धरलेलं होतं. मग एका पायावर. तो प्रकार मी सांगत नाही. मग फरशीच्या जोडरेषेवरून एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत चालायचं. पाच पावलं बरी पडली. सहाव्याला मी रेषेच्या बाहेर, आठव्याला टेबलाजवळ.

आता तसंच चाला, पण चालताना महिने उलटे म्हणा, बाई म्हणाल्या. डिसेंबरपासून. इथं माझी खुमखुमी जागी झाली. मी म्हणालो, आपण मराठी महिने म्हणू. फाल्गुन, माघ, पौष इथपर्यंत दोन पावलं टाकली. मार्गशीर्षाला पाय थांबले. पाय उचलला तर मार्गशीर्ष जाई, मार्गशीर्ष धरला तर पाय जागचा हलेना. शेवटी मी एका पायावर झुलत कार्तिक म्हणालो आणि बाईंच्या खुर्चीत जाऊन बसलो. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की महिने बरोबर आहेत की नाहीत हे त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरात बघावं लागेल, पण चालण्याचं उत्तर मिळालं.

त्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. तोल सांभाळायला मेंदूकडं तीन ठिकाणांहून बातमी येते. डोळे सांगतात, आपण कुठं आहोत. कानाच्या आतला भाग सांगतो, डोकं कुठं झुकलंय. तळपाय आणि सांधे सांगतात, खाली काय आहे. मोंढ्यात सौद्याच्या वेळी तीन जण एकदम ओरडतात आणि आमचे मुनीम तिघांचं ऐकून एकच ओळ लिहितात, तसं मेंदू करतो. हादऱ्यानं मुनीम गोंधळलेत. एकाचं ऐकतात तोवर दुसऱ्याचं राहतं. म्हणून डोळे मिटले की पडायला होतं, कारण एक बातमी बंद झाली. आणि चालताना बोलायला लावलं की पाय चुकतात, कारण मुनिमांवर दोन कामं पडली. पहिल्या काही दिवसांत हे सगळ्यात जास्त असतं. बहुतेकांचं उभं राहणं थोड्या दिवसांत सुधारतं; चालत चालत दुसरं काही करणं मात्र मागं रेंगाळतं.

मग सूचना आल्या. दोन दिवस विश्रांती, मग घरातल्या घरात हळूहळू चालणं. गाडी नाही, शिडी नाही, मोबाइल कमी. डोकेदुखी वाढली, पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून उठवायला जड गेलं, बोलणं अडखळलं तर त्याच क्षणी घेऊन यायचं. वजन उचलणं बंद.

मी विचारलं, नवरी? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं. बायकोनं मान हलवली. तेव्हाच मी तो कट्ट्याचा प्रसंग सांगितला आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. नवरी हे वजनच आहे, त्या म्हणाल्या. सहा दिवसांनी परत या. चालू द्यायचं की नाही, ते तेव्हा ठरवू.

म्हणजे उचलणं गेलं, आणि चालणंही टांगणीला. खरं सांगतो, डोकं दुखत होतं त्याहून हे जास्त दुखलं. ही पोर आमच्याच घरी जन्मली. अक्का बाळंतपणाला माहेरी आली ती पोर वर्षाची होईपर्यंत राहिली, आणि पोर चालायला शिकली ती आमच्या दुकानात, माझं बोट धरून. पहिल्यांदा बोट सोडलं ते तुरीच्या ढिगात जाऊन बसली आणि रडायच्याऐवजी मूठभर तूर तोंडात घातली. हिला बोहल्यावर आणायला भोकरचा माणूस येणार आणि मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार, हे मला बघवणार नव्हतं.

दोन दिवस पडून राहिलो. तिसऱ्या दिवसापासून दिवाणखान्यातल्या फरशीच्या रेषेवर आमचा सराव सुरू झाला. बायको डोक्यावरून टॉवेल घेऊन नवरी व्हायची आणि मी तिचा हात धरून सोफ्यापासून देवघरापर्यंत चालायचो. शेजारीण एकदा साखर मागायला आली, दारातून हे बघितलं आणि साखर न घेताच परत गेली.

या सरावात बायकोला एक शोध लागला. मला चालताना उत्तर देता येत नाही. पंचवीस वर्षांत तिला अशी संधी मिळाली नव्हती. मी रेषेवर आलो की ती टॉवेलाच्या आतून विचारायची, माझ्या आईची विचारपूस करायला तुम्ही निलंग्याला शेवटचे कधी गेला होता? मी बोललो की डावीकडं जायचो. गप्प बसलो की सरळ जायचो, पण गप्प बसणं म्हणजे कबुली. गाडी शिकवताना तुम्ही मला चौकात ओरडला होता की नाही? सरळ चालायचं असेल तर मान्य करावंच लागायचं. चार दिवसांत आमच्या संसारातले सगळे जुने वाद असे एकतर्फी मिटले. चालणं सुधारत होतं हे मात्र खरं. पाय आता फाकत नव्हते, भिंत लागत नव्हती. वळताना अजून जरा थांबावं लागे.

अक्काला कुणी सांगितलं मला माहीत नाही. बहुधा समोरच्या दुकानदारानं. त्याची सासुरवाडी मुखेडची. तिचा फोन आला तो रडतच. आधी माझी चौकशी, मग जीव कशाला धोक्यात घालायचा, मग हळूच, भोकरला सांगू का? मी हो म्हणायला तोंड उघडलं. चांगल्या मनानं उघडलं होतं. तेवढ्यात पलीकडं फोन कुणीतरी ओढून घेतला.

“मामा,” भाची म्हणाली, “डोकं कसं हाय?”

“हाय की. जागेवर हाय.”

“मग ऐका. मला कुणी उचलायची गरज न्हाई. मला पाय हायत. तुम्ही आणलं तर येते, न्हाईतर मी माझी येऊन उभी राहते.”

पाठीमागं अक्का काहीतरी रीत, पद्धत, लोक काय म्हणतील असं बोलत होती. भाची तिला म्हणाली, आई, लोकांना मी सांगते काय म्हणायचं ते. आणि फोन ठेवला. त्या वेळी मी बसलेलो होतो, तरी जरा तोल गेल्यासारखं वाटलं.

सहाव्या दिवशी लातूरला परत परीक्षा झाली. डोळे मिटून उभा राहिलो. थोडा हललो, पडलो नाही. रेषेवरून दहाच्या दहा पावलं नीट गेलो. महिने म्हणायला लावले तेव्हा या वेळी मार्गशीर्ष ओलांडला, पण आश्विनाला गाडी अडली आणि मी रेषेच्या बाहेर. बाई म्हणाल्या, बरंच सुधारलंय, पण दोन कामं एकदम अजून जमत नाहीत. लग्नाला जा. डीजेपासून लांब राहा. उचलू नका. सावकाश चाला, बाजूला धरायला माणूस असू द्या. आणि चालताना एक शब्द बोलू नका.

लग्नात? मी विचारलं. बायको म्हणाली, ते माझ्याकडं लागलं.

मुखेडच्या मंगल कार्यालयात आम्ही सकाळीच पोचलो. दाजींनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, मला बघताच खुर्ची दिली आणि वर पंखा लावला. मी उठून खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत चालून आलो. बावीस पावलं. मध्ये सतरंजीला एक घडी पडलेली आणि तिच्याखालून माइकची वायर गेलेली. ती जागा मी डोक्यात ठेवली. डोक्यात त्या दिवशी तेवढीच जागा होती.

भोकरचा भाऊ आला. नवा सदरा दंडाला इतका घट्ट, की बहुधा मुद्दामच तसा शिवलेला. माझ्या पाया पडला, तब्येत विचारली, आणि म्हणाला, दादा, टेन्शन घेऊ नका, मी दाराजवळच थांबतो. खरं तर तो चांगला माणूस आहे. हे मी आज लिहू शकतो.

मुहूर्त जवळ आला. आंतरपाट धरला. गुरुजींनी माइकवर पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. खोलीतून भाची आली. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. मी कोपर पुढं केलं. लोकांना दिसलं की मामानं भाचीला धरलंय. शालूच्या पदराआड तिनं माझं कोपर जे पकडलं होतं, ते कबड्डीत चढाईला आलेल्याला पकडतात तसं.

निघालो. एक, दोन, तीन. फरशी जागेवर होती. दोन्ही बाजूंनी माणसं, फोटोवाला मागं मागं सरकत होता. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याच्याकडं बघून हसण्याची किंमत मला माहीत होती. सात, आठ. नवव्या पावलाला दाराच्या बाजूनं भोकरकराचा आवाज आला, थट्टेचाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“दादा, उचलायचं ठरलं होतं की.”

मंडपात हशा पिकला. आणि माझ्या तोंडात उत्तर आलं. तयार, तापलेलं, एकदम नेमकं. आयुष्यात एवढं चांगलं उत्तर मला कधी वेळेवर सुचलं नव्हतं. जीभ हलली तशी डावीकडची माणसं जरा वर गेल्यासारखी झाली. भाचीची पकड आणखी घट्ट झाली. मी उत्तर गिळलं आणि पाय उचलला. माणसं परत खाली आली.

तेराव्या पावलाला मुंडावळ्यांच्या आतून ती ओठ न हलवता म्हणाली, “मामा, वायर.” मी पाय उंच टाकला. तिनं पण टाकला. लोकांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असावी. बावीस.

पुढं मामानं नवरीच्या मागं उभं राहायचं असतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि ज्वारीच्या अक्षता यायला लागल्या. अक्षता आल्या की माणूस डोळे मिटतो. मी मिटले नाहीत. मिटले असते तर एक बातमी बंद झाली असती. प्रत्येक ‘सावधान’ला डोळे टक्क उघडे ठेवून मी ज्वारी झेलली, दोन दाणे डोळ्यात गेले, पाणी वाहायला लागलं, पण उभा राहिलो. आंतरपाट खाली आला, हार घातले गेले, आणि कुणीतरी मागून खुर्ची सरकवली. वळून बघितलं तर भोकरचा भाऊ. तो अख्ख्या मंगलाष्टकांत माझ्यामागं दोन्ही हात पसरून उभा होता, हे मला नंतर व्हिडिओत दिसलं.

जेवणाच्या पंगतीत सगळीकडं एकच चर्चा. मामा लई भरून आले होते बघा. एक शब्द निघाला नाही तोंडातून. डोळ्यांना नुसती धार. अक्काच्या चुलत सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, उचलून आणणारे लई बघितले, पण असं जपून आणणारा मामा पहिल्यांदाच बघितला. मी मान खाली घालून बुंदी खात राहिलो. ज्वारीचे दाणे आणि मुनिमांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं होतं, पण बायकोनं ताटाखालून पायावर पाय दिला. आणि पाणी नुसतं ज्वारीचंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

पाठवणीच्या वेळी भाची माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला उठवायला वाकलो नाही. वाकलो की अजून गरगरत होतं. ती उठून कानाशी म्हणाली, नवव्या पावलाला काय बोलणार होतात मामा? मी सांगितलं. ती रडता रडता इतकी हसली की तिच्या सासूबाई बघायला लागल्या.

परतीच्या वाटेवर बायको गाडी चालवत होती, मी शेजारी. दोन्हीकडं तूर काढलेली मोकळी रानं. मी गिअर सांगत नव्हतो. बऱ्याच वेळानं, कौतुक निघावं अशा बेतानं, मी तिला विचारलं, कसं झालं माझं चालणं?

तिनं गिअर बदलला. मग म्हणाली, “तो तुरीचा कट्टा विकू नका. घरी आणून ठेवा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही बावीस पावलं न बोलता चाललात.”